कुलूप लागलेली घरंही मोज

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘१५ ते १९ वर्षांच्या मुलींना रक्तक्षय का होतो’ हा विषय प्रोजेक्टला घेतला होता. मॅडम म्हणाल्या, तुझा अभ्यास वर्णनात्मक क्रॉस-सेक्शनल आहे, त्यात ‘का’ बसत नाही. मग त्याचा उपयोग काय? मला पुढे पब्लिक हेल्थमध्ये जायचंय, तिथे असल्या अभ्यासाला कोण विचारणार?

उत्तर: मॅडमचं बरोबर आहे. विषयातला ‘का’ काढ आणि ‘किती’ घाल.

हा अभ्यास शिरगणतीसारखा असतो. ठरलेल्या काळात प्रत्येक मुलीला एकदाच गाठायचं. किती जणींचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आहे, त्या कोणत्या वयाच्या, कोणत्या गावच्या, एवढं मोजायचं. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे त्यात कळत नाही. समज, रोज लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींत रक्तक्षय जास्त निघाला. गोळ्यांनी रक्त कमी झालं का? उलट, ज्यांचं कमी भरलं त्यांनाच दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. (शाळेतली आठवड्याची लोहाची निळी गोळी वेगळी. तिचा प्रश्न स्वतंत्र विचार, नाहीतर घोळ होतो.)

आता मुली किती घ्यायच्या? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, या वयाच्या मुलींत देशभरात ५९ टक्के रक्तक्षय आढळला. तो आधार धर. ५ टक्के चूक चालत असेल तर ३.८४ × ५९ × ४१ ÷ २५, म्हणजे ३७२ मुली (३.८४ हा ९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा, ४१ म्हणजे १०० वजा ५९, २५ म्हणजे ५ चा वर्ग). दहातली एक नकार देईल असं धरलं तर ३७२ ला ०.९ ने भाग, ४१४ होतात. एकटीला झेपत नसेल तर चूक ७ टक्के धर, नकार सोडून १९० वर काम भागतं. फक्त तसं अहवालात लिही. मात्र मोजकी गावं निवडून तिथल्या सगळ्या मुली घेणार असशील तर आकडा साधारण दुप्पट करावा लागतो, कारण एका गावातल्या मुलींचं खाणंपिणं सारखंच असतं.

खरी गोम वेळेत आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलकडे परततात. डिसेंबरात वस्तीवर गेलीस तर निम्म्या दारांना कुलूप दिसेल, आणि ज्यांच्या घरी खाण्याची आबाळ जास्त असण्याची शक्यता, नेमक्या त्याच मुली यादीतून गळतील. मग निघालेला आकडा गावाचा नसतो, मागे राहिलेल्यांचा असतो. जमलं तर पाहणी पावसाळ्यात कर. कॉलेजचं वेळापत्रक आडवं येत असेल तर रजिस्टरला ‘कुलूप’ असा एक रकाना आख आणि घरं, तारीख, शेजाऱ्यांनी सांगितलेलं कारण नोंदव. किमान दोनदा परत जाऊन ये. रिकामं घर सोडून शेजारचं घेणं हा सोपा मार्ग वाटतो, तो टाळ.

बोटातून रक्त घेताना बोट पिळू नकोस. पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. पहिला थेंब पुसून टाक. सगळ्या मुलींना एकच यंत्र, एकच पद्धत. अर्ध्या जणींना साहली (रंग जुळवून मोजायची जुनी पद्धत) आणि अर्ध्यांना डिजिटल असं केलंस तर फरक मुलींचा की यंत्राचा, ते कोणालाच सांगता येणार नाही.

पहिली सुई टोचण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी हातात हवी. अठराच्या आतल्या मुलीसाठी आईवडिलांची संमती लागते, शिवाय तिचा स्वतःचा होकार. जिचं कमी भरेल तिला उपकेंद्राची चिठ्ठी दे.

राहिलं ‘कोण विचारणार’. वर ज्या राष्ट्रीय पाहणीचा आकडा दिला, तीही क्रॉस-सेक्शनलच आहे. तिचं काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. दोन वर्षांच्या एमपीएचच्या (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) मुलाखतीला जाताना प्रोजेक्टची फाइल सोबत ने. ‘किती घरं सुटली, आणि ती कोणाची होती?’ असं विचारलं तर ‘कुलूप’चा रकाना उघडून दाखव.