कधीच कर्ज घेतलं नाही म्हणून क्रेडिट कार्ड नाकारतात. मग पहिलं कार्ड मिळवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला आठ महिने झाले, पगार २६ हजार, डोक्यावर एका रुपयाचं कर्ज नाही, तरी दोन बँकांनी अर्ज परत पाठवला. याच रांगेत मी २०२१ साली उभा होतो. चाकणला एका कंपनीत स्टोअरला नुकताच लागलो होतो. फरक इतकाच की मी चार बँकांना अर्ज केले, तेही एका आठवड्यात. एकीने नाही म्हटलं की रागाने दुसरीकडे. तेव्हा तिसरा अर्ज भरायच्या आधी जरा थांबा.

अर्ज आला की बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज घेतल्या-फेडल्याच्या नोंदींचा कागद, मागवते आणि मागवल्याची नोंद त्या रिपोर्टवर राहते. पुढच्या बँकेला ती दिसते. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर मात्र काही बिघडत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हा रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी तो काढला. स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या सवयीचे गुण, ३०० ते ९०० च्या मधला काहीतरी, कमी का होईना, असेल असं वाटलं होतं. तिथे आकडाच नव्हता. ‘एनएच’ अशी दोन अक्षरं, म्हणजे नो हिस्ट्री. कर्जखात्यांचा रकाना कोरा आणि त्याखाली चार एन्क्वायऱ्या, तारखांसकट. बँकांच्या लेखी माझा सगळा इतिहास म्हणजे आठवड्यात चार वेळा हात पसरणं.

वडिलांना हे पटेचना. त्यांनी गावच्या पतसंस्थेचं कर्ज दोनदा घेऊन दोन्ही वेळा मुदतीआधी फेडलंय, आणि ‘कुणाचं पाच पैसे देणं नाही’ हे ते आजही मान वर करून सांगतात. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथला हिशेब सिबिलपर्यंत सहसा पोचतच नाही. भिशी वर्षानुवर्षं वेळेवर भरली तरी तिची नोंद कुठे नाही. आणि गंमत बघा, चुलतभावाच्या ट्रॅक्टरसाठी बँकेत जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्या रिपोर्टवर येतं. त्याने हप्ते थकवले की डाग तुम्हालाही.

मला वाट दाखवली बँकेच्या काउंटरवरच्या मॅडमनी. पासबुक भरून घ्यायला गेलो होतो, सहज विषय काढला. त्या म्हणाल्या, ‘पतसंस्थेत दोन जामीनदार नेता ना? इथे तुमची एफडीच जामीन राहील.’ वीस हजारांची एफडी केली, तिच्यावर सोळा हजार लिमिटचं कार्ड आलं. सॅलरी स्लिपसुद्धा मागितली नाही. वडील फोनवर म्हणाले, ‘आपलेच वीस हजार ठेवायचे आणि आपणच सोळा हजार उधार घ्यायचे? शहाणाच आहेस.’ हिशेबाने त्यांचं चूक नाही. पण एफडीचं व्याज चालू राहतं, आणि रिपोर्टमध्ये ते कार्ड इतर क्रेडिट कार्डासारखंच नोंदलं जातं.

कमीत कमी किती रुपयांची एफडी आणि तिच्या किती टक्के लिमिट हे बँकेगणिक बदलतं. कुठे ८० टक्के देतात, कुठे ९०, कुठे पूर्ण. आपल्याला एकच प्रश्न ठासून विचारायचा: हे क्रेडिट कार्डच आहे ना, आणि याची माहिती सिबिलला जाते ना? कारण आधी पैसे भरून वापरायची प्रीपेड कार्डंही दिसायला अशीच चकचकीत असतात आणि स्कोअरसाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही. कार्ड चालू असेपर्यंत एफडी मोडता येत नाही, म्हणून अडीअडचणीचे पैसे त्यात घालू नका.

एफडी करण्याआधी पगार जमा होतो त्या बँकेचं ॲप उघडून प्री-अप्रूव्ह्ड ऑफर, म्हणजे बँकेने आपणहून देऊ केलेलं कार्ड, आहे का तेवढं बघा. त्या बँकेला तुमचा पगार दर महिन्याला दिसतोच, त्यामुळे कोऱ्या रिपोर्टवरही ती कधीकधी कार्ड देते. तसंच, ज्या दोघींनी नाकारलं त्यांना कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे ते त्यांना द्यावंच लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत हेही सांगितलं की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज निव्वळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं आहे. पण शेवटी द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, तेव्हा त्या बातमीच्या भरवशावर राहू नका.

स्कोअरसाठी हप्त्यावर मोबाईल घ्या असं सांगणारेही भेटतील. मोबाईल घ्यायचाच असेल तर ठीक. नाहीतर नको. आणि पैसे घेऊन ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

आता माझी दुसरी फजिती. दुसऱ्या महिन्यात बिल आलं ६,३४० रुपयांचं. खाली लिहिलेलं: मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढे तरी भरा, ३१७. मी ३१७ भरले आणि मोकळा झालो. वाटलं, बँक चांगली आहे, उरलेलं सवडीने घेतेय. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून चारशेच्या आसपास जास्तीचे. मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज टळत नाही. ते अगदी खरेदीच्या दिवसापासून लागतं, आणि बाकी शिल्लक असेतो नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाचं गणित केलं तर चाळीस टक्क्यांच्या वर जातं, आणि इकडे एफडीवर मिळणार सहा-सात टक्के! त्याच दिवशी ऑटो डेबिट लावलं, पूर्ण बिलाचं. ते लावताना ॲप ‘मिनिमम’ की ‘टोटल’ असं विचारतं, तिथे घाईने बोट पडू देऊ नका. एटीएममधून या कार्डाने पैसे तर कधीच काढू नका, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर फी वेगळी.

वापर थोडाच ठेवला. गाडीत पेट्रोल, मोबाईलचा रिचार्ज, महिन्याचा किराणा, मिळून चारेक हजार. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं असं म्हणतात. एकदा कूलर घेऊन चौदा हजारांपर्यंत गेलो, बिल पूर्ण भरलं, तरी पुढच्या वेळी स्कोअर थोडा उतरलेला दिसला. नंतर आपोआप वर आला.

‘एनएच’ जाऊन तिथे आकडा यायला मला सात महिने लागले. सव्वा वर्षाने पगाराच्या बँकेने स्वतःहून साठ हजार लिमिटचं कार्ड देऊ केलं, एफडीशिवाय. जुनं कार्ड मी बंद केलेलं नाही. माझ्या रिपोर्टवरचं सगळ्यात जुनं खातं तेच आहे आणि त्याला वार्षिक फी नाही. एफडी आपोआप रिन्यू होत राहते.

बँकेत जाताना पॅन आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का बघून जा. माझ्या पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे आणि आधारवर नव्हतं, त्यापायी दोन शनिवार गेले. त्यातला एक दुसरा शनिवार निघाला, बँक बंद!