लाल मफलर, मिझुरीची टर्की आणि आपल्या धुऱ्यावरचा तितर

रानाची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, निवृत्त वनपालाची उत्तरं

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मोठा मुलगा बारा वर्षांपासून अमेरिकेत, मिझुरी राज्यात आहे. यंदा एप्रिलमध्ये तो सोबत काम करणाऱ्या एका वयस्कर माणसाबरोबर रानटी टर्कीच्या शिकारीला गेला. चार दिवस पहाटेपासून पावसात, गारठ्यात बसला, एक पाखरू दिसलं नाही. पाचव्या दिवशी नर चाळीसेक पावलांवर आला, पण त्याला लागूनच मादी उभी होती, म्हणून यानं चाप ओढला नाही. दोन्ही पाखरं निघून गेली. फोनवर सांगताना त्याचा आवाज पडला होता. आमच्याकडे हे माळकरी आहेत. ते म्हणतात, पोरगा पाखरं मारायला गेलाच कशाला? चार दिवस बोलले नाहीत त्याच्याशी. इकडं गल्लीतली पोरं मला म्हणतात, "काकू, तिकडं चालते तं आपल्याकडं काऊन नाही? तितरं तं वावरात भरून हायेत." दोघातिघांनी नायलॉनचे फासेही आणलेत. आणखी एक सांगते. थंडी म्हणून मी विणून पाठवलेला लाल मफलर तो शिकारीला जाताना मुद्दाम घरी ठेवून गेला. मला ते लागलं. माझ्या मुलाचं चुकलं का?
एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पत्रात मफलर शेवटी आला असला तरी तुम्हाला तोच जास्त लागलाय. म्हणून आधी त्याचं सांगतो.

रानटी टर्कीच्या नराचं डोकं आणि मान बोडकी असते. तो माजावर आला की त्या कातडीवर लाल, पांढरा आणि निळा असे तिन्ही रंग चढतात. शिकारी झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून, बुंध्याला पाठ टेकून, अजिबात न हलता बसलेला असतो. पहाटेच्या अंधुक उजेडात दुसऱ्या एखाद्या शिकाऱ्याला झुडपाआड लाल काहीतरी हललेलं दिसलं, तर त्याला ते नराचं डोकं वाटू शकतं. तिकडे असे अपघात झालेले आहेत. म्हणून नव्या माणसाला शिकवतानाच सांगतात, हे तीन रंग अंगावर नकोत, अगदी मोजे आणि रुमालसुद्धा नकोत. बुंधाही आपल्या खांद्यांहून रुंद बघायचा, म्हणजे मागून कोणाचा चुकून बार आला तरी पाठ झाकलेली राहते. मुलानं मफलर घरी ठेवला तो जीव सांभाळण्यासाठी. घरी आल्यावर गळ्यात घातला का, ते तेवढं विचारा त्याला.

आता शिकारीचं. मी स्वतः एकतीस वर्षं मेळघाटात शिकारी पकडण्याची नोकरी केली, त्यामुळे शिकारीची बाजू घेणं माझ्या जिभेला सोपं नाही. तरी तुमच्या मुलानं केलं ते कायद्याला धरून होतं, आणि पाचव्या दिवशी तो जे वागला त्याचा मला आनंद झाला.

मिझुरीत वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवडे चालतो. १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला आधी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, मग परवाना. अख्ख्या हंगामात एका माणसाला दोन पक्षी, तेही नर, किंवा छातीवर दाढीसारखा केसाळ झुबका दिसणारे. दाणे टाकून बोलवायला बंदी. मारलेला पक्षी त्याच रात्री दहाच्या आत सरकारदरबारी कळवायचा.

आणि हे काम सोपं नसतं. नर पहाटे झाडावरून गुडगुड असा आवाज देतो आणि मादी त्या आवाजाच्या दिशेनं चालत जाते, ही तिथल्या रानाची रीत. शिकारी काय करतो, तर लाकडी डबीवर फळी घासून नाहीतर पाटीच्या तुकड्यावर काडी घासून मादीचा आवाज काढतो आणि नरानं उठून आपल्याकडे यावं अशी वाट बघतो. म्हणजे रीतीच्या उलट. नराभोवती आधीच माद्या असल्या तर तो जागचा हलत नाही. त्यात पाऊस आणि वारा असला की आवाज दूर जात नाही. गळणाऱ्या झाडांच्या टपटपीत त्या पाखरांनाही जनावराची चाहूल लागत नाही, म्हणून ती रान सोडून मोकळ्या शेतात जाऊन उभी राहतात. तिथं तर शिकाऱ्याला लपायला जागाच नाही. चार दिवस पाखरू न दिसण्यात मुलाची काही कसूर नव्हती, हे त्याला सांगा.

ओला वसंत शिकाऱ्यापेक्षा पाखराला जास्त जड जातो. टर्कीची मादी जमिनीवरच घरटं करते, दहा-बारा अंडी घालते, अठ्ठावीस दिवस उबवते. पिल्लांना पहिले दोन आठवडे झाडावर चढून बसता येत नाही. ती रात्रभर आईच्या पंखाखाली जमिनीवर असतात. थंड पावसात भिजली की दगावतात. अशा सालात एकेक मादी मोलाची. छऱ्यांची बंदूक नेम धरला तिथंच लागते असं नाही, छरे पसरतात. नरावर झाडलेल्या बारात ती मादीही गेली असती.

हे वाचताना मला माझी आजी आठवली.

आमचं मूळ गाव बुलडाणा जिल्ह्यात. सन १९७३ चा उन्हाळा, दुष्काळाचा. मी पंधरा वर्षांचा होतो. विहिरी आटलेल्या, नाल्यात एकाच ठिकाणी झिरा उरला होता, आणि आसपासच्या माळावरची सगळी तितरं सकाळी तिथं पाण्यावर येत. मामाकडे ठासणीची बंदूक होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला होता, पण आमच्या गावापर्यंत तो पोचायचा होता. मामा बाभळीआड बसायचे. एका सकाळी त्यांनी तीन तितर आणले आणि मी आजीशेजारी पिसं काढायला बसलो. आजीनं एकाचं पोट उघडलं. आत पिवळ्या बलकांची माळ होती, एक बोराएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, मग मोहरीएवढा. खाली एक पूर्ण अंडं. त्याचं कवच अजून धरलं नव्हतं. मी बोट लावलं तर खळगा पडला आणि तो खळगा हळूहळू परत भरून आला. आजी थांबली. तिनं हात धुतले आणि म्हणाली, "हे आज माह्या चुलीवर नाही चढत." मामा काही बोलले नाहीत. पुढच्या साली पाऊस झाला, माळावर गवत आलं, पण झिऱ्याच्या बाजूला मला तितर ऐकू आला नाही.

तुमच्या गल्लीतल्या पोरांना मला हेच सांगायचंय. तिकडच्या अवघड हंगामात शिकारी भिजतो, कुडकुडतो आणि रिकाम्या हातानं घरी येतो. आपल्याकडच्या अवघड हंगामात पाखरं एका झिऱ्यावर गोळा होतात आणि मारणं सोपं होतं. जेव्हा मारणं सोपं होतं तेव्हाच हात आवरायचा असतो, आणि आपल्याकडे तो आवरला गेला नाही.

"तिकडं चालते" हे खरं, पण का चालतं तेही पोरांना सांगा. जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार शिकार यानं टर्की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बहुतेक भागातून संपत आली होती. मग बंदी आली. १९३७ साली कायदा करून बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी बाजूला काढायला सुरुवात झाली. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून बघितले, ते टिकले नाहीत. मग तोफेनं उडवायची जाळी वापरून खरे रानटी पक्षी पकडले आणि रिकाम्या रानांत नेऊन सोडले. मिझुरीनं १९६० साली वसंतातला हंगाम पुन्हा उघडला, तोही तीनच दिवस. आज अमेरिकेत साठ लाखांच्या आसपास रानटी टर्की आहेत आणि तरीही तिथले लोक दरसाल पिल्लं मोजतात, कमी दिसली की नियम आवळतात. आपल्या शिवारात तितर किती, हे पोरांपैकी कोणी मोजलंय? "भरून हायेत" ही मोजणी नव्हे.

आणि आपला कायदा सरळ आहे. तितर, बटेर, रानकोंबडा, मोर, कोणालाही हात लावता येत नाही. फासा लावणं हीसुद्धा शिकारच, अंडी फोडणं हीसुद्धा शिकारच. तितराच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, मोराला त्याहून कडक. पोरांना म्हणावं, ते नायलॉन आजच चुलीत घाला. धमकी म्हणून सांगत नाही. फाशात अडकलेल्या तितराचा पाय मी बघितलाय. दोरा कातडीतून थेट हाडापर्यंत गेला होता आणि पाखरू जिवंत होतं.

फासेपारध्यांचं नाव पुढे येईल, म्हणून सांगतो. आमच्या भागातला एक म्हातारा पारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून न्यायचा. त्याच्या ओरडण्यावर हद्दीतला दुसरा नर भांडायला धावून यायचा आणि भोवतीच्या फाशात सापडायचा. मीच त्याच्यावर केस केली होती. जबाब देताना तो म्हणाला होता, "मादी लागली तं मी सोडतो साहेब, माह्या बापानं तसंच शिकवलं." मी ते कागदावर घेतलं नाही, कारण कायद्यात त्याला जागा नव्हती. पण पोट त्यावर असलेल्या माणसालाही जे कळत होतं, ते हौसेनं फासे आणणाऱ्यांना कळायला हवं.

आता तुमच्या यजमानांसाठी दोन शब्द. माळकरी माणसाला हे पटेल असं वाटतं. आपल्याकडे तितराचा घात बंदुकीनं किंवा फाशानं होतो त्याहून जास्त काडेपेटीनं होतो. तितर एप्रिलपासून अंडी घालू लागतो, सहा-आठ अंडी, जमिनीवर, धुऱ्यावरच्या म्हणजे शेताच्या बांधावरच्या गवताच्या नाहीतर बोराटीच्या बुडाशी. आणि त्याच महिन्यांत आपण पेरणीआधी धुरे जाळतो. मेळघाटात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचे, ती आग रानात शिरायची. विझवायला गेलो की राखेत भाजलेली अंडी सापडायची, वर्तुळात, जशी ठेवली तशीच. धुऱ्याच्या कडेनं जाळायचंच असेल तर होळीच्या आधी जाळा. नंतर नाही. निदान एक धुरा, नाल्याच्या बाजूचा, जसाच्या तसा ठेवा, त्यावर तणनाशकही मारू नका. पाण्याचं एक पसरट भांडं सावलीत ठेवलं तर फारच छान, मात्र त्यात दगड टाका, पिल्लं बुडतात.

मुलाचं चुकलं का, असं विचारलंत. मादी लागून उभी होती म्हणून चाप न ओढणारा मुलगा तुमच्याच घरात वाढलाय. यजमानांना सांगा, त्याच्याशी आज संध्याकाळी बोला. तिकडे सकाळ असेल.

प्रश्न : टर्की कोंबड्यांसोबत परसात पाळली तर चालेल का? ती जंगली पक्षी म्हणून वनखातं पकडेल का?
एक तरुण, मूर्तिजापूर

उत्तर : पाळीव टर्कीला वनखात्याची आडकाठी नाही. ती मेक्सिकोतल्या रानटी टर्कीपासून माणसानं पाळीव केलेली जात आहे. पण कोंबड्यांसोबत एका खुराड्यात अजिबात ठेवू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांतून एक रोग टर्कीला होतो. कोंबडी त्यातून सहसा तगते, टर्कीचं यकृत मात्र पार खराब होतं आणि ती मरते. ज्या जागेवर कोंबड्या फिरल्या ती जागासुद्धा टर्कीला देऊ नका.

पिल्लांना सुरुवातीला दाणा-पाणी कुठं आहे तेच उमगत नाही, उपाशी मरतात. पाण्याच्या भांड्यात आणि दाण्यात रंगीत काचेच्या गोट्या टाका, चमक बघून ती चोच मारतात आणि शिकतात. गोट्या गिळता येणार नाहीत एवढ्या मोठ्या घ्या.