लानोवार एल्व्ह्ज की बर्ड्स ऑफ पॅराडाइज: मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या डेकमध्ये कोणतं घ्यावं?

डेक निव्वळ हिरवा असेल तर एल्व्ह्ज. दोन्ही एका हिरव्या मानाची (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा), दोन्ही टॅप करून, म्हणजे कार्ड आडवं करून, एक माना देतात. पण एल्फ १/१ आहे (पहिला आकडा मारण्याची ताकद, दुसरा टफनेस, म्हणजे सहनशक्ती), म्हणजे शेवटी हात रिकामा असताना निदान १ डॅमेज मारतो. बर्ड्स ०/१, उडतो खरा, पण एकटा कुणाला ओरखडाही काढत नाही. एल्फ मोजणारी कार्डं असतील तर प्रश्नच मिटला.

रंग दोन-तीन झाले की चित्र उलटतं. एल्फ फक्त हिरवा माना देतो, बर्ड्स कुठल्याही रंगाचा. हातात निळं-काळं कार्ड अडकून पडलं की हा फरक कळतो. इक्विपमेंट (शस्त्रं-साधनांची कार्डं) चढवायचं असेल तरीही बर्ड्सच, कारण उडणाऱ्याला अडवणारे कमी.

टफनेस दोघांचाही १, त्यामुळे एका डॅमेजने दोन्ही मरतात. यांच्या भरवशावर लँड (माना देणारी जमिनीची कार्डं) फार कमी करू नका. आणि आल्या टर्नला टॅप करता येत नाही, म्हणून खरा फायदा पहिल्या टर्नला उतरवण्यात.

डेकमध्ये चार प्रतींची मर्यादा प्रत्येक नावाच्या कार्डाला वेगळी मोजतात. एल्विश मिस्टिक हुबेहूब लानोवारसारखंच. तुमच्या फॉरमॅटमध्ये (खेळाच्या नियमप्रकारात) चालत असेल तर ४+४ घ्या.