'प्युमिक' नव्हे हो, प्यूमिस!

प्रश्न आलाय की टाचा घासायचा तो 'प्युमिक स्टोन' म्हणजे लाव्हाच ना आणि हा शब्द आला कुठून. आधी ते 'प्युमिक' बंद करा! दहातले आठ जण तसंच म्हणतात, आता तर पाकिटांवरसुद्धा छापलेलं दिसतं. शब्द आहे प्यूमिस, खरा इंग्रजी उच्चार 'पमिस'च्या जवळचा.

अर्थ सगळ्यांना माहीत आहे, सच्छिद्र, हलका, पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा दगड, त्यात वेळ घालवत नाही. मजा पुढे आहे. मूळ लॅटिन शब्द 'पूमेक्स', आणि त्याच लॅटिनमध्ये फेसाला म्हणतात 'स्पूमा'. दोन्ही एकाच मुळाचे, आणि त्याच मुळाचा आपल्याकडचा वंशज म्हणजे संस्कृत 'फेन'! इंग्रजी 'फोम' तोच, रशियन 'पेना' तोच. म्हणजे आपण 'फेनिल' म्हणतो तेव्हा त्या दगडाच्याच भावकीतला शब्द उच्चारत असतो, मला तर हे कळलं त्या दिवशी झोप लागली नव्हती.

आता कोणी म्हणेल, 'स्पूमा'तला स गेला कुठे? अहो, तो स असाच येतो जातो. संस्कृतात 'पश्यति' म्हणजे बघतो आणि 'स्पश' म्हणजे हेर, बघणाराच की तो. इंग्रजी 'स्टार' आणि आपला 'तारा', तेच. हे समजून न घेता काही जाणकार म्हणवणारे 'पूमेक्स'चा संबंध 'फ्यूम'शी म्हणजे धुराशी लावतात, ज्वालामुखी म्हणजे धूर, झालं काम! नुसती यमकं जुळवणं आहे हे. आणि परिभाषा करणारे 'सच्छिद्र खडक' म्हणतात तेही मला पटत नाही, वालुकाश्मही सच्छिद्र असतोच की, पण त्याची छिद्रं कणांमधल्या फटी असतात. इथे मात्र प्रत्येक छिद्र हा एकेक बुडबुडा आहे, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं दाब सुटल्यावर शिलारसातला वायू फसफसतो आणि तो फेस तसाच गोठून काच होतो. भिंग लावून बघा, काचेचे बारीक बारीक पडदे दिसतील. म्हणून माझं स्पष्ट मत, मराठीत 'फेनाश्म' म्हणावं. रोमन लोकांनी नाव फेसावरून ठेवलं ते बरोबर ओळखून ठेवलं.

फक्त 'समुद्रफेन' म्हणू नका, आयुर्वेदातला समुद्रफेन म्हणजे कटलफिश नावाच्या समुद्री प्राण्याच्या अंगातलं कवच, तेही हलकं आणि तरंगणारं म्हणून लोक घोळ घालतात.

हां, लाव्हाचं राहिलंच. लाव्हाचा दगड म्हणणं अगदीच चूक नाही पण अपुरं आहे, कारण बेसाल्टही लाव्हाचाच आणि तो पाण्यात टाकल्या टाकल्या तळ गाठतो. प्यूमिसही कायमचा तरंगत नाही, छिद्रांत हळूहळू पाणी शिरलं की तोही बुडतो.