जादूच्या मुली आणि रात्रीचा दिवा

“ताई, मुलगी अकरा वर्षांची झाली, तरी अजून जादूची छडी फिरवणाऱ्या मुलींची कार्टून बघते. वह्यांत तीच चित्रं. आता तर रात्री दिवा घालवू देत नाही. खऱ्या-खोट्याचं भान सुटत चाललंय का हिचं?”

असा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. ही आई तोक्योतल्या निशिकासाई भागात राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी पुण्याहून गेलेलं कुटुंब. मुलगी तिथल्या जपानी शाळेत पाचवीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आईने महिनाभरापूर्वी सगळी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तकं, कपाटात बंद केली होती, टॅबही काढून घेतला होता. तरीही भीती कमी न होता वाढली होती, आणि तिथेच मला शंका आली.

मुलीशी व्हिडिओ कॉलवर एकटीशी बोलले. तक्रारीचा विषयच काढला नाही. “तुझी आवडती कोण?” एवढंच विचारलं, आणि ती अर्धा तास बोलत राहिली. ‘कार्डकॅप्टर साकुरा’. क्लॅम्प या लेखिका-चित्रकार मैत्रिणींच्या गटाने 1996पासून ‘नाकायोशी’ मासिकात रंगवलेली ही मालिका 1998मध्ये टीव्हीवर आली. चौथीतली साकुरा सुटलेले जादूचे पत्ते गोळा करते. तिची आई लहानपणीच गेलेली, स्वयंपाक बाबा करतात. “आणि मावशी, ती भुतांना घाबरते, तरी जाते!” मुलींसाठीच्या अशा मांगामध्ये कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अवघड अक्षरांशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. त्याच्याच आधाराने ही मुलगी जपानी वाचायला शिकली होती. आईने कपाटात बंद केलं होतं ते तिचं सगळ्यात कामाचं पाठ्यपुस्तक. आईला हे ठाऊकच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मग हळूच विचारलं, यातलं काही बघून भीती वाटली का? ती गप्प झाली. मग नाव सांगितलं, ‘मादोका माजिका’.

ही 2011ची, बारा भागांची मालिका. चित्रं गोल, गोड, गुलाबी. पण जपानमध्ये ती मध्यरात्रीनंतर लागायची, मोठ्यांसाठी. तिसऱ्या भागात, जिच्यावर भरवसा बसलेला असतो तीच मोठी मुलगी मारली जाते. तिथे एक गोंडस प्राणी इच्छा पुरी करतो आणि त्याची भयंकर किंमत वसूल करतो. मुलीने पोस्टर पाहून साकुरासारखंच काहीतरी समजून ती लावली होती. नेमकं त्याच आठवड्यात पुण्याला आजी पडली. मुलीने आधी मनात म्हटलं होतं, आपण परत पुण्याला जाऊ दे. ही आपल्याच इच्छेची किंमत, असं तिच्या मनाने घेतलं.

“जादू खोटी असते हे मला कळतं, मावशी. पण रात्री नाही कळत.”

म्हणजे भान सुटलं नव्हतं, मुलगी एकटी पडली होती. आणि सगळंच बंद झाल्यावर ती घरात सांगणार तरी कसं? सांगितलं असतं तर ओरडाच बसला असता.

आईला मी स्पष्टच सांगितलं की पुस्तकं परत द्या, रात्री दिवा राहू दे, आठ-दहा दिवस तिच्याजवळ झोपा. नवी मालिका लावण्याआधी ती कोणत्या वयासाठी आहे आणि मूळ किती वाजता दाखवायचे, ते दोघी मिळून बघा. रविवारी सकाळी साडेआठला लागणारी लहान मुलींची ‘प्रिक्युअर’ मालिका आणि मध्यरात्रीची मालिका, दोन्हीकडे झालरीचे फ्रॉक असतात. नुसत्या चित्रावरून फरक कळत नाही. अभ्यासाची, खाण्याची, मैत्रिणींची घडी विस्कटलेली नव्हती, म्हणून मी तेवढ्यावर थांबले. ती विस्कटली असती किंवा झोप परत आली नसती, तर तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

एक काम मात्र मुलीने स्वतःच करायचं होतं. तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. आजी म्हणाली, “अगं बाई, न्हाणीतली फरशी ओली होती, म्हणून पडले मी. तुला यावंसं वाटतं, ते वाटू दे की.”

त्या रात्री दिवा चालूच होता. चौथ्या दिवशी तिने तो स्वतः घालवला.