ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं आणि अॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मग तेच दुसऱ्या नावाने पैसे घेऊन विकणं बेकायदेशीर नाही का?

नाही, नाव बदलून विकणं बेकायदेशीर नाही. गिऱ्हाइकाला सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) नाकारणं आणि मूळ लेखकांचा कॉपीराइट पुसून टाकणं मात्र बेकायदेशीर आहे. ब्लेंडरचा कोड २००२ साली लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून मोकळा केला गेला, आणि तो जीपीएल या लायसन्सखाली आहे, म्हणजे कुणीही तो वापरावा, बदलावा, वाटावा अशी परवानगी. या लायसन्समधला ‘फ्री’ म्हणजे मोकळा, फुकट नव्हे. लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत तर हवी ती किंमत घ्या किंवा घेऊ नका, असं सरळच लिहिलंय. इल्युजनमेज आणि थ्रीडीमॅजिक्स या नावांनी ब्लेंडरच विकलं जात होतं, आणि ब्लेंडरमागच्या संस्थेने, ब्लेंडर फाउंडेशनने, त्याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं. (चीड येते खरी, पण चीड येणं आणि गुन्हा असणं वेगळं.) तुम्ही पैसे मोजले असतील तर एवढं बघा:

- सोबत जीपीएलचा मजकूर आणि मूळ कॉपीराइट आहे का
- सोर्स कोड दिलाय, किंवा मागितल्यावर देऊ असं लेखी म्हटलंय का
- ‘कॉपी करू नये, एकाच संगणकावर वापरावे’ अशी अट घातलीय का. घातली असेल तर तोच लायसन्सचा भंग

फक्त एक लक्षात ठेवा, कॉपीराइटचा दावा सहसा मूळ कोड लिहिणाऱ्यांनाच लावता येतो. तुमच्या हातात कोड मागणं, पैसे परत मागणं आणि ब्लेंडरवाल्यांना कळवणं एवढंच.