ताण आला की खाणं सुटत नाही आणि जिम झेपत नाही. सावकाश व्यायामाने खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३६ आहे, घरून काम करता, दोन्ही मुलं झोपली की रात्री साडेदहाच्या पुढे स्वयंपाकघरात जाऊन बिस्किटं, वेफर्स, उरलेलं गोड, जे हाताला लागेल ते खाता. दोन वर्षांत ११ किलो वाढलंय, जिम दोनदा लावून सोडलंय. योगासनं, चालणं अशा हळू व्यायामाने हे आटोक्यात येईल का आणि फरक कधी कळेल, असं विचारलंय.

येईल. पण आपल्याला वाटतं त्या कारणाने नाही, आणि व्यायामाची वेळ चुकली तर येणारही नाही. मी दोन्ही चुका करून बसले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते, वय ४८. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. दिवसभर त्यांच्याजवळ मावशी असायच्या. मी सव्वासातला घरी पोचायचे तेव्हा मावशी चपला घालूनच उभ्या असायच्या. त्या गेल्या की सासूबाईंना हाक मारायची आणि रात्रीची पाळी सुरू करायची. या दोन गोष्टींच्या मधे दहाएक मिनिटं मिळायची, ती मी ओट्यापाशी उभी राहून काढायचे. पर्स खांद्यालाच असायची. शेवेचा स्टीलचा डबा, त्याचं झाकण घट्ट, अंगठ्याने उचकटावं लागायचं. स्वयंपाकघरातला दिवा लावायच्या आधी पहिली मूठ तोंडात गेलेली असायची. मग दुसरी, तिसरी, मधे दोन भाकरवड्या, परत शेव. चव कळायची नाही. डबा अर्धा झाला की भानावर यायचे आणि स्वतःचा राग यायचा. राग आला की रात्री जेवण टाळायचे, आणि अकरा वाजता पुन्हा तोच डबा.

मग जिम लावलं. पहिल्याच दिवशी तिथल्या मुलाने माझं ७४ किलो वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तेही मी गिळलं असतं. पण पहाटे साडेपाचला पळून आले की दिवसभर भूक भूक व्हायची, गुडघा धरायचा, आणि संध्याकाळी डब्यापाशी मन म्हणायचं, ‘आज एवढा घाम गाळलाय ना, मग खा.’ दीड महिन्यात ते बंद झालं.

हिशोबानेही ते जमणारं नव्हतंच. सत्तर किलोच्या माणसाने बेताच्या चालीने अर्धा तास चाललं तर साधारण १२० ते १४० कॅलरी जातात. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास असतात, आणि शंभर ग्रॅम शेव उभ्या उभ्या कधी संपते ते कळतही नाही. म्हणून खाल्लेलं जाळायला व्यायाम करायचा हा विचार आधी डोक्यातून काढा. त्यातून व्यायाम म्हणजे शिक्षा होते, आणि शिक्षा कोणी फार दिवस स्वतःहून भोगत नाही.

तुमच्या खाण्यामागे शरीरात जे चालतं ते थोडक्यात सांगते. एकदम धक्का बसला तर भूक मरते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. पण ताण आठवडे, महिने रेंगाळला की कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक चढं राहतं. ते भूक वाढवतं आणि तीही गोड, तेलकट, खारट पदार्थांची. ते खाल्लं की थोडा वेळ खरंच बरं वाटतं, म्हणून मेंदू ती वाट लक्षात ठेवतो. त्यात झोप कमी असली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. तेव्हा तुम्ही लिहिलेला ‘माझ्यात निग्रहच नाही’ हा शब्द कृपया मागे घ्या. दिवसभर काम, मुलं, जेवण सांभाळणारं माणूस निग्रहाशिवाय उभं राहत नाही.

माझी गाडी वळली ती आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये योगवर्ग घेणाऱ्या बाईंमुळे. अय्यंगार पद्धतीत खुर्ची, पट्टे, लोड असं साहित्य वापरतात, त्याच पद्धतीने त्या शिकवतात. मी त्यांना म्हटलं, “मला पोट कमी करायची आसनं सांगा.” त्यांनी विचारलं, “खाता कधी?” मी म्हटलं, “सव्वासातला.” त्या म्हणाल्या, “मग व्यायामही सव्वासातलाच करायचा. पहाटे उठू नका, झोपा तेवढं.”

इतकं साधं होतं ते. मला अजूनही वाटतं की मला कुणी दिलेला हा सगळ्यात कामाचा सल्ला आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. घरात आल्यावर पर्स खुंटीला, पाय धुवायचे आणि स्वयंपाकघरात न शिरता खोलीत जमिनीवर सतरंजीवर उताणं पडायचं. पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर टेकवायच्या, म्हणजे कंबर जमिनीला लागते. पाच मिनिटं नुसता श्वास बघायचा, घेताना तीन अंक, सोडताना पाच किंवा सहा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. नाक दाबून बसायचं नाही की पोट जोराने आत ओढायचं नाही.

पहिल्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी झोप लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली, ती मुद्दाम सांगते. पडल्यावर कळलं की माझे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले आहेत. जीभ टाळूला चिकटलेली, कानांखालचे स्नायू सुपारीसारखे कडक. दिवसभर काउंटरवर गोड बोलायचं आणि घरी येऊन परत गोड बोलायचं, ते सगळं त्या जबड्यात साठलेलं. मला कुरकुरीतच का हवं असायचं, वरण-भात समोर असला तरी शेवच का, ते मला तिथे उमगलं. चावायला माझा जबडा मागत होता, पोट नाही. मग मी बोटांनी कानांखाली गोल गोल चोळायला लागले, तोंड थोडं उघडं ठेवून, जीभ सैल सोडून. तुमची जागा वेगळी असेल, कुणाचे खांदे असतात, कुणाची पोटातली खळगी. ती सापडेपर्यंत सावकाश पडून राहा. हळू व्यायामाचा खरा उपयोग इथे आहे. पळताना छाती भरून येते, त्यात हे बारीक काही ऐकू येत नाही.

त्या पाच मिनिटांनंतर हालचाल. रांगतं होऊन पाठ वर-खाली करायची, ते मार्जारासन, आठ-दहा वेळा. मग उभं राहून चार सूर्यनमस्कार. आपल्याला शाळेत ते आकड्यांवर झटपट घालायची सवय लावलेली असते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकात सूर्यनमस्कार मुलामुलींच्या शाळांपर्यंत नेले, त्याचं मोठेपण आहेच. पण आपल्या कामासाठी ते अगदी संथ घालायचे. एकाला दीड मिनिट लागलं तरी चालेल, प्रत्येक स्थितीत एक श्वास पूर्ण होऊ द्यायचा आणि तळहाताखाली जमीन गार आहे की गरम एवढंच बघायचं. गुडघे दुखत असतील तर भिंतीला हात टेकून घाला. नंतर गच्चीवर पंधरा मिनिटं चालायचं, मोबाइल खाली ठेवून. सासूबाईंजवळ तेवढा वेळ नवरा बसायला लागला. ते मागून घ्यावं लागलं, आपणहून कुणी दिलं नाही.

चालण्याबद्दल एक प्रयोग मला फार पटला. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात नेहमी चॉकलेट खाणाऱ्या लोकांना पंधरा मिनिटं चालायला लावून मग कामाला बसवलं आणि समोर चॉकलेट ठेवलं. नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा चालून आलेल्यांनी जवळजवळ निम्मंच खाल्लं. त्यांना कुणी खाऊ नका म्हटलं नव्हतं.

खाण्यावर बाईंनी नियम एकच घातला. एवढं करूनही खावंसं वाटलं तर खायचं. पण वाटीत घेऊन, डब्याचं झाकण लावून, बसून. उभ्याने नाही. मला वाटलं होतं, ही पळवाट आहे. पण वाटी घेऊन बसलं की शेवेची चव लागते, आणि चव लागली की एका वाटीत पुरे होतं.

आणखी एक गोष्ट कळली, ती कबूल करायला हवी. माझं निम्मं ‘ताणाचं खाणं’ ही साधी भूक होती. एकला डबा खाल्ला की सव्वासातपर्यंत पोटात चहाशिवाय काही नाही. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि ताक सुरू केलं आणि संध्याकाळचा अर्धा जोर तिथेच उतरला. तुम्ही मुलांना भरवता भरवता स्वतः अर्धवट जेवता का, ते एकदा बघा. रात्री साडेदहाची भूक साडेआठच्या ताटातून निघालेली असू शकते.

आता तुमच्यासाठी. तुमची वेळ रात्रीची आहे, म्हणून सूर्यनमस्कार नकोत, झोप उडेल. जेवण झाल्यावर शतपावली करा, जमलं तर मुलांना घेऊन खाली दहा-पंधरा मिनिटं. आपल्या आजी-आजोबांची ही सवय शास्त्राला धरून होती. जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर स्नायू ओढून घेतात आणि ती एकदम चढत नाही. मुलं झोपल्यावर तुम्ही ज्या दाराने स्वयंपाकघरात जाता, त्याच्या अलीकडे सतरंजी आणि खुर्ची आधीच मांडून ठेवा. पोटऱ्या वर, दिवा मंद, दहा मिनिटं. तुम्ही लिहिलंय की दिवसभरात तेवढाच वेळ तुमचा एकटीचा असतो. मला वाटतं, बिस्किटांपेक्षा तुम्हाला ती एकटी वेळ हवी असते. ती घ्याच, फक्त ओट्यापाशी घेऊ नका.

वजनाचं खरं सांगते. १४ महिन्यांत मी ७४ वरून ६९ वर आले आणि तिथेच आहे. मार्चअखेरीच्या दिवसांत अजूनही दोन-चारदा उभ्याने खाल्लं जातं, दिवाळीत किलोभर वाढतं. पण ब्लाउज सैल झाले, गुडघा दुखायचा थांबला. दोन वर्षांत ११ किलो वाढलंय तर थायरॉइड आणि साखर मात्र तपासून घ्या, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी जास्त चालू नका. आणि खाणं सुरू झालं की थांबवताच येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर ओकून टाकावंसं वाटतं, असं होत असेल तर ते व्यायामावर सोडू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

फरक कधी कळेल, हे शेवटचं. काट्यावर मला तीन महिने काहीच दिसलं नव्हतं. पण तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी पाहुणे आले, त्यांच्यापुढे ठेवायला शेव काढली तर ती सादळलेली निघाली. आमच्या घरात शेव सादळण्याइतकी टिकली, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.